पूल झाला की

माझं माहेर डोंबिवलीच्या अंगाला, कोपरच्या पुढे, खाडीला लागून. सासर समोरच्या काठावर, भिवंडीच्या बाजूला, जिथे भाताच्या खाचरांत आता गोदामं उभी आहेत. मध्ये उल्हास नदी. पण आमच्याकडे तिला नदी कुणी म्हणत नाही, भरतीचं पाणी आत येतं म्हणून खाडीच म्हणतात. माहेरच्या अंगणातून सासरच्या गावातलं देवळाचं शिखर दिसायचं. लग्न ठरलं तेव्हा आई बायकांना हेच सांगत सुटली होती, की पोर लांब नाही दिली, हाक मारली तरी ऐकू येईल.

हाक कुणाला ऐकू आली नाही कधी. पण पूल होता.

तो जुना पूल ज्यांनी पाहिला नाही त्यांना खरं वाटत नाही. त्याचा मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला रस्ता, लोखंडी होता आणि तो उचलला जायचा. दोन बाजूंना दोन उंच मनोरे, वरून तारेचे जाड दोर, दोरांना काँक्रीटचे ठोकळे लटकवलेले. उंच डोलकाठीचं गलबत आलं की दोन्हीकडचे दांडे खाली पडायचे, घंटा व्हायची, आणि मधला सबंध रस्ता आडवाच्या आडवा वर जायचा. माणसं सायकली धरून उभी राहायची. कुणाला घाई असली तरी तोंड वर करून बघायचीच.

माझी वरात त्या पुलावर अडली होती. रेतीची मोठी होडी चालली होती आणि गाळा वर गेलेला. मी टेम्पोत मुंडावळ्या सांभाळत बसलेली, घामाने मळवट ओघळलेला, आणि आमच्या ह्यांचे काका घड्याळ बघत वैतागलेले. गाळा खाली आला तेव्हा पुलावरचा माणूस म्हणाला, भरलेला टेम्पो नाही जाणार, माणसं उतरवा. मग सगळं वऱ्हाड पायी. माझी पत्र्याची ट्रंक धाकट्या भावाने डोक्यावर घेतली. पूल संपेपर्यंत तो माझ्या बाजूने चालला, आणि पलीकडे ट्रंक ठेवून, कुणी बघत नाही असं बघून, ढसाढसा रडला. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही त्याला मुळातूनच नालायक ठरवाल, आणि तो तसा नव्हता. लग्नानंतर कित्येक वर्षं तो सायकलवरून यायचा. आईने दिलेले खाडीतले निवटे, कोलंबी, कधी नुसती माठाची जुडी नाहीतर शिराळी. दारात उभा राहून म्हणायचा, ताई, चहा टाक, भरती लागायच्या आत निघायचंय. भरतीचा आणि पुलाचा काही संबंध नव्हता. त्याला उगाच मोठेपणा करायचा असायचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. पोरांना ओरडून ओरडून माझा आवाज चढलेलाच राहिला, असं आमचे हे म्हणतात. असेल. निवृत्त होऊनही तो उतरलेला नाही.

पुढे गलबतं बंद झाली. एकदा गाळा वर गेला तो खाली येताना नीट बसलाच नाही. एका बाजूने वीतभर वरच राहिला. तिथे लोखंडी पत्रा टाकून दिला, आणि मग प्रत्येक गाडी त्यावरून धडाड करून जायची. आमच्या गावात रात्रंदिवस तो आवाज. लहान पोरं त्या आवाजाने झोपायची, आवाज थांबला की उठायची. मनोऱ्यांवर पिंपळ उगवले. मग कमान लावली, उंच गाड्या जाऊ नयेत म्हणून. मग फक्त रिक्षा आणि दुचाकी. मग एका सकाळी दोन्ही तोंडांना ड्रम आणि पाटी, पूल धोकादायक आहे. आणि मग कटर घेऊन माणसं आली आणि पूल कापून नेला.

नवा होणार होता. नवा नक्कीच होणार होता! नारळ फुटला, आणि पुढच्या वेळी दुसरे लोक निवडून आले तेव्हा त्यांनी पुन्हा फोडला. आम्ही दोन्ही वेळा प्रसादाचं खोबरं खाल्लं. खाडीत खांब उभे राहिले आणि तसेच राहिले. ठेकेदार गेला, दुसरा आला. मग कुणाच्या तरी जमिनीचा प्रश्न, मग कुणाची तरी परवानगी.

त्या काळात आमच्या दोन्ही काठांना एक सवय लागली. कुठलंही काम निघालं की, पूल झाला की बघू. मुलीला त्या बाजूला स्थळ आलं, पूल झाला की बघू. दात काढायचाय, पूल झाला की कोपरच्या डॉक्टरकडेच काढू. आमच्या शेजारणीने दोन वर्षं एक बाजूची दाढ सोडून जेवण केलं, पण गावातल्या डॉक्टरकडे नाही गेली. हसू नका, मीही त्यातलीच. कल्याणवरून वळसा घालून माहेरी जायचं म्हणजे दोन रिक्षा, एक बस आणि दुर्गाडीपाशी ट्रॅफिकमध्ये धूर खात बसणं. खाडीत तर होती, माणसं पार नेणारी होडी. मी तरीने जायचे. पण आईला ती जमणार नव्हती. तिचे गुडघे गेलेले. चिखलातून फळीवरून होडीत चढायचं, तिला धरून चढवणार कोण?

माझ्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झालेली. आई भावाकडे, जुन्या घरात. मला तिला माझ्याकडे आणायचं होतं. एवढी एकच गोष्ट मला हवी होती. आठ दिवसांसाठी, पंधरा दिवसांसाठी, तिला बरं वाटेल तेवढी. माझी नोकरी होती तोवर मला वेळ नव्हता, आणि वेळ मिळाला तेव्हा पूल नव्हता. आईने माझ्या घरी एक अख्खी रात्र कधी काढली नव्हती. पूर्वीच्या बायका लेकीच्या घरी राहायच्या नाहीत, पाणीसुद्धा जपून प्यायच्या. वय झाल्यावर मात्र तीच म्हणायला लागली, की येईन म्हणून. मी तरीने गेले की निघताना माझा हात धरून म्हणायची, "पूल झाला का येन गो."

भावाला म्हणायचे, गाडी आहे तुझ्याकडे, कल्याणवरून आणून सोड ना. तो म्हणायचा, ताई, तिला दोन तास गाडीत बसवतं का, कंबर धरेल तिची. पूल होऊ दे, दहा मिनिटांत आणून सोडतो. बरोबरच होतं.  मी त्या पुलावर सगळं टाकून दिलं. मागची खोली रिकामी केली. पाय मोडून बसायला नको म्हणून कमोड बसवून घेतला, भिंतीला धरायला दांडा लावला. पलंग उंच निघाला म्हणून सुताराकडून त्याचे पाय कापून घेतले. आमचे हे म्हणाले, ठाण्याच्या हॉस्पिटलातसुद्धा एवढी सोय नसते, मीच आजारी पडतो. मी म्हटलं, तुमची आई होती तेव्हा मी केलं ना, आता गप्प बसा. 

आणि पूल झाला. झाला म्हणजे पुरा झाला. डांबर पडलं, दिवे लागले, कठड्यांना पिवळा-काळा रंग दिला. आणि उद्घाटनासाठी बंद राहिला! तोंडाशी परत ड्रम. काय तर तारीख मिळत नाही. सकाळी फिरायला जाणारी माणसं ड्रमच्या फटीतून वर जायची, पोरं क्रिकेट खेळायची, नवराबायको फोटो काढून घ्यायचे. गाड्या तेवढ्या जायच्या नाहीत. मीही गेले एकदा. पार दुसऱ्या टोकाला उतरले तर समोर आमचं जुनं घर, पाच मिनिटांवर. मी भावाला तिथूनच फोन लावला. म्हटलं, आईला ड्रमपर्यंत गाडीने आण, आमचे हे ह्या बाजूने रिक्षा आणतील, मधलं अंतर खुर्चीत बसवून नेऊ, दोन पोरं धरतील खुर्ची. तो हसला. म्हणाला, ताई, वरात काढतेस का आईची? एवढी वर्षं थांबलीस, आता थोडं थांब.

मी थांबले. चूक केली. खुर्चीतून न्यायला हवी होती.

उद्घाटन झालं. माझ्या घरी पेढे आले, शेजारीण दात काढून आली. मी रोज फोनकडे बघत होते. मीच रिक्षाने न्यायला येते म्हटलं तर भाऊ म्हणायचा, नको, मी आणतो, पण गाडी सर्व्हिसिंगला आहे, पोराची परीक्षा आहे, रविवारी बघतो. दोन-चार रविवार असे गेले. आणि एका संध्याकाळी त्याचा फोन, ताई, उद्या सकाळी आईला घेऊन येतो, तयार राहा. मी त्या 'तयार राहा'कडे लक्षच दिलं नाही. मला वाटलं घर तयार ठेव म्हणतोय.

सकाळी लवकर उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, निवट्यांचं कालवण केलं, पलंगावर मऊ धुतलेली चादर घातली. दहाच्या सुमारास गाडी दारात आली. मी पदराला हात पुसत धावले. आई मागच्या सीटवर बसलेली, ठेवणीतलं हिरवं लुगडं, नाकात नथसुद्धा. मी दार उघडून तिचा हात धरला. भाऊ पुढून म्हणाला, तिला उतरवू नको ताई, चढायला परत त्रास, तूच बस. आधारकार्ड घे. बाराचा नंबर आहे.

मला वाटलं डॉक्टरचा. विचारलं तर म्हणाला, रजिस्ट्रारकडचा. कल्याणला. मग गाडीचं इंजिन चालू ठेवूनच त्याने सांगितलं. घराची आणि मागच्या शेताची जागा बिल्डरला द्यायची आहे, पुलाचा रस्ता लागून गेल्याने चांगला भाव आलाय, आईची आणि माझी हक्कसोड पाहिजे. सगळ्यांच्याच बहिणी देतात, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं! खरंच, आमच्याकडे काहीच नसतं. बहिणी हक्कसोड देतात. न देणारीला गावात वेगळ्या नजरेने बघतात, माहेरची साडी-चोळी बंद होते, भाचीच्या हळदीला तिला कुणी हाक मारत नाही. मी स्वतः शाळेत पोरींना शिकवलंय की वडिलांच्या मिळकतीत मुलीचा सारखा हिस्सा असतो. फळ्यावर लिहून शिकवलंय. आणि खरं सांगते, त्याने मला आधी नुसतं विचारलं असतं, आईला चार दिवस माझ्याकडे सोडून नंतर विचारलं असतं, तर मी हसत हसत दिली असती. मला ती जमीन नकोच होती. राग त्याचा आला, की आई माझ्या दारात आली होती आणि तिला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, आधी आई उतरेल, जेवेल, मग काय ते बघू. तो म्हणाला नंबर जाईल. मी म्हटलं जाऊ दे. आमचे हे दारात उभे, शेजारीणही दारात. भावाने घड्याळ दाखवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला की येताना उतरेल ना, मग ठेव तुझ्याकडे हवे तेवढे दिवस. मी आईकडे बघितलं. ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. मी तिला गाडीतच चहा दिला. अर्धा प्यायली. मग आत जाऊन आधारकार्ड घेतलं, गॅस बंद केला, कालवणावर झाकण ठेवलं.

नवा पूल मी गाडीतून तेव्हाच पहिल्यांदा ओलांडला. कुठे धडाड नाही, काही नाही. खाडी कधी आली आणि गेली कळलंही नाही.

रजिस्ट्रार ऑफिसात गर्दी होती. आईला बाकावर बसवलं. वकील कागद वाचून दाखवत होता, स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, वगैरे. माझं नाव पुकारलं तेव्हा मी जागची उठले नाही. भाऊ दोनदा ताई म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही, आईकडे बघितलं त्याने. तेव्हा आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच, मला एकटीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दे गो सही. मना त्याचेच दारान मराचा हाय."

 मी उठले. मशीनवर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यापुढे बसून फोटो काढून घेतला. टेबलामागच्या माणसाने विचारलं, स्वखुशीने देताय ना? मी हो म्हटलं. माझ्यानंतर आईचा अंगठा. तिच्या बोटांच्या रेषा कामाने झिजलेल्या, मशीन घेईना. भाऊ प्रत्येक वेळी तिचं बोट आपल्या रुमालाने पुसून परत दाबत होता. शेवटी एकदाचं घेतलं.

येताना आई उतरली नाही. ती दमली होती, म्हणे. पूल ओलांडायच्या आधीच भावाने गाडी बाजूला घेतली आणि मला रिक्षा करून दिली. घरी येऊन मी ते कालवण तसंच्या तसं मांजरीला घातलं. आमचे हे म्हणाले, मला तरी ठेवायचं होतंस. त्या दिवशी मी त्यांच्याशी जे भांडले, त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

आणि मग महिना झाला नसेल, भाऊ आईला घेऊन आला. फोन नाही, काही नाही. ह्या वेळी ती उतरली. डिकीतून तिची कपड्यांची पिशवी, औषधांची पिशवी, कमरेला शेकायची रबरी पिशवी, सगळं उतरलं. जुनं घर पाडायला घेतलं होतं. भाड्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिला जिने कसे चढवणार. माझ्याकडे तर सगळी सोय आहे, मीच किती वेळा सांगितलं होतं. त्याने मागची खोली बघितली, कमोडजवळचा दांडा हलवून बघितला, मजबूत आहे म्हणाला. आईच्या पाया पडला. "बिल्डिंग झाली की नेतो," म्हणाला.  त्याला स्वतःला काही ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. आईने त्याचा गाल कुरवाळला.

मला जे हवं होतं ते मला मिळालं. आई माझ्या घरी आली, माझ्या पलंगावर झोपते, माझ्या हातचं खाते. रोज सकाळी मी तिची वेणी घालते. तिने पिशवीतली लुगडी मात्र मला कपाटात लावू दिली नाहीत. लागतील तशी काढते, धुऊन आली की घडी घालून परत पिशवीत ठेवते. मी एकदा चिडून म्हटलं, कपाट काय चावतं का तुझ्या लुगड्यांना? ती म्हणाली, राहू दे, नेताना घाई होते.

संध्याकाळी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते. आमचं घर चढावर, समोर खाली गोदामांचे पत्रे, त्यापलीकडे पूल. पहिले काही रविवार भाऊ आला, मग नुसते फोन आले, मग फोनही भावजयीचे, तेही सणाला. दर रविवारी आई नाश्ता झाला की हिरवं लुगडं नेसून बसायची. दुपारी जेवायला उठायची नाही, तो येईल मग बसू. उन्हं कलली की विचारायची, पूल बंद आहे का. सुरुवातीला मी खरं सांगायचे. सांगायचे म्हणजे सुनवायचे. चालू आहे आई, ढळढळीत चालू आहे, दहा मिनिटांचा रस्ता आहे, त्याला यायचं नाहीये. मला वाटायचं, कळू दे हिला एकदा. ज्याच्या दारात मरायचं म्हणून माझा अंगठा घेतला, त्याचं दार कुठाय ते कळू दे.  ताट पुढे केलं की दोन घास खाऊन सारायची.

मागच्या रविवारी तर तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. ओठ सुकलेले. मी भावाला फोन केला, त्याने उचलला नाही. परत केला, मेसेज आला, साइटवर आहे. मी फोन आपटला आणि गॅलरीत गेले. आई पुलाकडे बघत होती. तिने मान न वळवता विचारलं,

"पूल बंद केलाय का गो?"

मी म्हटलं, "हो आई. दुरुस्ती काढलीय. आजपासून बंद आहे."

समोर पुलावरून गाड्या चालल्या होत्या. कंटेनर, बस, रिक्षा, सगळं. आमच्या गॅलरीतून लाल गाडी कोणती आणि पांढरी कोणती ते सांगता येतं, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा लांबचं दिसतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने हाताने कठडा धरला आणि उठायला लागली. मी तिला धरलं.

"मंग कसा येल तो," ती म्हणाली. "खुर्ची आत घे."